गिरणीत गेलेली माणसं

साल एकोणीसशे बासष्ट. मी तेहतीस वर्षांचा होतो. शाळा मराठी तिसरीपर्यंत, तीही पावसाळा सोडून, कारण पावसाळ्यात ओढा आडवा यायचा. तेव्हा लिहिण्यात चूक निघाली तर ती माझी नाही, ओढ्याची. पण जे सांगतो ते डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही.

प्रवास काही काशी-रामेश्वराचा नव्हे. शहापुरातून निघायचं, शेणवा, किन्हवली करत काळू नदी उतरायची, मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या अंगाला डोंगराखाली जायचं आणि परत यायचं. आज फटफटीवर सकाळी गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी असतो. मला आणि माझ्या बैलांना सहा दिवस लागले. तेव्हा धरण नव्हतं, भातसानगर नव्हतं, रस्त्याला डांबर नव्हतं. दोन्ही अंगांना साग आणि ऐन उभे असायचे, आणि पहाटे निघालं की गाडीच्या चाकोरीत दव पडलेलं असायचं. ती चाकोरी आता कुठे शोधायची?

माझी गाडी शहापुरात नावाजलेली होती. मोऱ्या आणि चांद्या अशी जोडी, दोघेही शिंगांत सारखे. भात कापून झालं की मी जंगलातलं लाकूड वाहायचो. त्या वर्षी पौषातली म्हसा गावची जत्रा उलगडली आणि आमच्या शाळेचे मास्तर घरी आले. म्हणाले, मुंबईच्या एका कॉलेजातल्या बाई येणार आहेत. डोक्यानं बिघडलेली माणसं खेड्यांत कुठे आहेत, घरचे त्यांना कसे सांभाळतात, हे गावोगाव विचारून लिहून घेणार. त्यांना गाडी पाहिजे आणि वाटा माहीत असलेला माणूस पाहिजे. पण तरण्या बाईमाणसानं परक्या गड्याबरोबर एकटीनं फिरणं बरं दिसायचं नाही, तर तुझ्या आईला बरोबर घे.

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडायच्या आत आये चुलीपुढून बोलली, "मी येते."

तिला तसं बोलायचं कारण होतं, आणि मला नाही म्हणायचं कारणही तेच होतं. ते पुढे येईल.

शहापूर ते शेणवा

बाई सकाळच्या यष्टीतून उतरल्या. नलिनीबाई त्यांचं नाव. पंचवीस-सव्वीसच्या, सुती पातळ, चष्मा, पायात पुरुषी चपला आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंक उचलली तर कंबरेत कळ आली. मी विचारलं, धोंडे भरलेत का? म्हणाल्या, नाही, प्रश्न आहेत. छापील कागद होते ते. एका माणसाचा एक कागद.

आये आधीच गाडीत बसली होती. खाली पेंढा, वर गोणपाट, मांडीवर भाकरीचं गाठोडं. बाईंनी तिला वाकून नमस्कार केला आणि मावशी म्हणाल्या. आयेनं त्यांच्या पायांकडे बघितलं आणि पेंढा त्यांच्या बाजूला सारला.

शहापूर सोडून तासभर गेलं की उजव्या हाताला आमच्या गावाची वाट फुटते. बाईंच्या यादीत आमचंही गाव होतं. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, हे इथेच ना? मी म्हटलं, हो, आमचंच. पण तिथे वेळ घालवू नका, तसलं कुणी नाही. माझा शब्द म्हणजे शब्द. बाईंनी पेन्सिलीनं गावाच्या नावावर रेघ मारली. आये वाटेकडे बघत होती. बैलांनी घराकडे मान वळवली, मी कासरा ओढला.

आता कारण सांगतो. माझा धाकटा भाऊ किसन. माझ्याहून चार वर्षांनी लहान. नांगराला माझ्यापेक्षा सरळ. चोविसाव्या वर्षी त्याचं बिघडलं. आधी एकट्याशी बोलायला लागला, मग रानात जाऊन बसायला लागला. एकदा आठ दिवस नाहीसा झाला आणि कसाऱ्याच्या स्टेशनात सापडला. भगत झाला, अंगारे झाले, कोंबड्या झाल्या. मग एका सकाळी त्यानं जूचा खुंटा उपसून माझ्या खांद्यात घातला. त्या दिवशी मी त्याला मागच्या पडवीत घातला आणि बाहेरून दाराला लाकडी आडणा लावला. घरात बहीण लग्नाची होती. लोकांना सांगितलं, किसन मुंबईला गिरणीत लागला.

बहिणीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. कारण संपलं, आडणा तसाच राहिला. आये आणि माझी बायको त्याला जेवण देत, न्हाऊ घालत. मी त्या पडवीकडे जात नसे. एकूण पाच वर्षं झाली होती.

आये आमच्याबरोबर आली ती, मुंबईच्या बाईकडे काही औषध असेल ते कानांनी ऐकावं म्हणून. मी तिला निघताना बजावलं होतं, तोंड उघडशील तर भर रस्त्यात गाडी फिरवीन.

शेणव्याला पोहोचलो ते उन्हं डोक्यावर आल्यावर. ते मतांचं साल होतं. जीपगाड्या भोंगे लावून फिरत होत्या. बाई ज्या अंगणात उभ्या राहतील तिथे पहिला प्रश्न, "निशाणी कंची?" एका म्हाताऱ्यानं तर त्यांचं काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, मत देऊ, पण आधी विहिरीचं बोला. बाईंना बिचारीला विहिरीचंही लिहून घ्यावं लागलं.

मग खरे प्रश्न सुरू झाले. घरात कोण कोण? थोरला शेतावर, मधला गुरांकडे. आणि तिसरा?

"त्यो ममईला. गिरणीत हाय."

दुसऱ्या घरी भाऊ गिरणीत. चौथ्या घरी पुतण्या गिरणीत. संध्याकाळी बाई म्हणाल्या, या भागातले बरेच लोक गिरणीत आहेत नाही? मी बैलांना पेंढा टाकत होतो. मनात म्हटलं, बाई, हे कापड मला ओळखता येतं, मीही तेच विणलंय.

किन्हवली

किन्हवली मोठं गाव. तिथे आम्ही दोन मुक्काम केले. शेतांत वाल ऐन शेंगांवर होता. ज्या घरी उतरलो तिथे तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तव्यावर भाजलेली सुकट. तिखटानं बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ताट सोडलं नाही. चहा गुळाचा, कोरा. बशीत ओतून फुंकर मारायचं आयेनं शिकवलं. मुंबईत म्हणे चहा कपातूनच पितात, तोंड भाजलं तरी.

पहिल्या दिवशी इथेही तेच. सगळे खुशाल. बाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या, कोरे कागद मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, मी परत गेल्यावर काय लिहू? की ठाणे जिल्ह्याच्या खेड्यांत कुणाला हा आजार होतच नाही? वरचे लोक तेच धरून चालतील. मग इकडे ना डॉक्टर येणार, ना गोळी.

मला त्यांची कीव आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण खरं म्हणजे मला राग आला. माझी गाडी, माझी वाट, मी माहितगार, आणि बाई रिकाम्या हातानं जाणार? लोक म्हणतील धोंडूनं काय दाखवलं? तेवढ्यासाठी मी बोललो. म्हटलं, "बाई, मुलगा कुठंय ते इचारू नका. शिमग्याला घरी येतो का, ते इचारा."

त्यांना कळेना. मी समजावलं. गिरणीत गेलेला आमच्याकडचा माणूस गणपतीला एक वेळ चुकेल, पण शिमग्याला नोकरीवर लाथ मारून येईल. होळीला नारळ वाहायला घरचा गडी लागतो. तो येतो तेव्हा साऱ्या आळीला दिसतो. अंगात कडक सदरा असतो, काखेत छत्री असते, ऊन असलं तरी. जो खरोखर गिरणीत आहे त्याच्या शिमग्याची दहा वर्णनं घरचे करतील. जो नाही, त्याच्या घरचे गप्प होतील.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घरी म्हातारा ओसरीवर बसला होता. मुलगा गिरणीत. बाईंनी हळूच विचारलं, शिमग्याला येतात ना?

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. सून हंडा घेऊन चालली होती, तिनं तो खाली ठेवला. तेवढ्यात माळ्यावरून कोणी तरी खोकलं. म्हातारा माझ्याकडे बघत होता, बाईंकडे नाही. त्यानं ओळखलं होतं की हा प्रश्न मुंबईचा नव्हे. मग म्हणाला, "या. आत या."

त्यानंतर दारं उघडली. सगळी नाही, पण पुष्कळ. एका घरी बाळंतीण होती, तीन महिने झाले तरी मूल हातात घेत नव्हती. एका घरी म्हातारी होती, ती रोज दिवे लागले की माहेरी जायला निघायची, आणि माहेरचं तर कुणी उरलं नव्हतं. बाईंची रीत मला पाठ झाली. आधी जमिनीवर बसायचं. मग त्या आजारी माणसालाच त्याचं नाव विचारायचं, घरच्यांना नाही. त्याला प्यायला कोण देतं, त्याच्याशी दिवसातून कोण किती बोलतं, तो किती वेळ एकटा असतो, हे सगळं. आणि शेवटी जो सांभाळतो त्याला विचारायचं, तुम्हाला झोप लागते का? माळ्यावरच्या त्या माणसाच्या बायकोला हे विचारलं तर ती हंड्याशेजारी खाली बसली. तिला असं कुणी विचारलंच नव्हतं.

मी मात्र फुगलो होतो. संध्याकाळी बाई म्हणाल्या, धोंडूभाऊ, तुमच्या एका प्रश्नानं माझे सगळे प्रश्न वाचले. मी मिशीवर हात फिरवला. आये तंबाखू मळत होती, ती मळतच राहिली.

काळू नदी

माघात काळूला पाणी घोट्याएवढंच, पण वाळू फसवी. गाडीचं डावं चाक वाळूत बसलं ते आसापर्यंत. मी उतरून खांदा लावला, बैलांना हाक दिली, गाडी एका अंगावर झुकली आणि ट्रंक पाण्यात गेली.

सारे कागद भिजले. आम्ही तिघांनी ते एकेक करून दगडांवर वाळत घातले आणि वर खडे ठेवले. पळसाला नुकती फुलं यायला लागली होती. वारा नव्हता. ते नदीकाठचं ऊन मला अजून आठवतं, पांढऱ्या कागदांनी भरलेलं. आये अक्षरशत्रू, पण एकेक कागद ती दोन्ही हातांनी धरून ठेवत होती. मध्येच एक उचलून तिनं बाईंना विचारलं, "ह्यो कोन?"

बाई म्हणाल्या, मावशी, ते मला सांगता येत नाही. मी नाव लिहीतच नाही. फक्त खूण असते. पुढे पुस्तक झालं तरी कुणाला कळणार नाही कोणाचं घर.

आयेनं तो कागद परत दगडावर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मी चाकाखालची वाळू उकरत होतो, उकरतच राहिलो.

डोंगराखाली

सरळगावावरून टोकावड्याकडे वळलं की सह्याद्रीची भिंत समोर येते. इतकी जवळ, की बैल तिच्यावर आदळतील असं वाटतं. तिच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी होती. वीसेक झोपड्या, कुडाच्या भिंती, अंगण मात्र असं सारवलेलं की भात सांडलं तर वेचून खावं.

इथे बाईंना माझा प्रश्न लागलाच नाही. या वाडीतलं कुणी गिरणीत जात नव्हतं. लोक गवत कापायला, कोळशाच्या भट्टीवर जायचे. सोमी नावाची म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. बाईंनी विचारलं तशी तिनं सुपावरून मान वर करून डोंगराकडे दाखवलं. "त्यो काय, येतोय."

गुरं उतरत होती. पुढे एक बाई काठी घेऊन, मागे एक पुरुष. चाळिशीचा, हडकुळा, डाव्या डोळ्याला पू आलेला. हवेशी वाद घालत येत होता. मध्येच थांबून समोर नसलेल्या माणसाला त्यानं शिवी दिली, आणि मग मागे राहिलेल्या वासराला हाताखाली घेऊन पुढे आला. त्याचं नाव बुधा.

सोमीनं सांगितलं ते असं. वाडीची गुरं पाळीनं राखायची, आज एक घर, उद्या दुसरं. तशी आमच्या गावातही रीत होतीच. पण इथे गुरांच्या पाळीबरोबर बुधाचीही पाळी फिरायची. ज्या घरची गुरं राखायची पाळी, त्या घरची भाकर बुधाला. दिवसभर तो त्यांच्या माणसाबरोबर रानात. त्याची आई मेली तेव्हापासून असं चाललं होतं. ठरवलं कोणी, ते सोमीला आठवत नव्हतं.

बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, म्हणजे त्याला गुरांबरोबर ठेवता?

सोमी म्हणाली, "मंग कोनाबरोबर ठेवू गो? घरात बसवला तर त्याच्याशी बोलंल कोन?"

बाई लिहायला लागल्या. तेव्हा आयेनं त्या प्रवासात पहिल्यांदा कुणाला इतकं विचारलं. सोमीच्या शेजारी बसून, सूप धरून, ती एकेक विचारत गेली. मारतो का? कवा कवा मारतो, त्या दिवशी चार हात लांबून चालायचं. पळतो का? पळतो, पण गुरं त्याच्यामागे जातात आणि आपण गुरांच्या मागे, मग सापडतो. पावसाळ्यात? पावसाळ्यात वाईट असतो, भगत येतो, कोंबडी खातो, जातो, बुधा हाय तसाच. भट्टीवर जाता तेव्हा? तिथंबी पाळी. आणि ज्या घराला नको असेल त्याचं काय?

"एक घर नाय बोलला व्हता," सोमी म्हणाली. "मंग दुसऱ्याला इचारला."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. त्या आयेकडे बघत होत्या. मी घाईनं म्हटलं, आईला अशा पंचायती करायची सवयच आहे.

त्या दिवशी सोमीनं सगळ्यांना नागलीची भाकर आणि मिठात उकडलेल्या वालाच्या शेंगा दिल्या. मी ठाकराघरचं खात नसे. कुणब्याचा ताठा होता. मी माझी शिळी भाकरी गाडीच्या आडोशाला खाल्ली. आये आणि बाई सोमीच्या अंगणात जेवल्या. बुधा त्यांच्यासमोर बसून जेवला, आणि मधून मधून हवेला म्हणाला, "तू नको बोलू, माझा घास चाललाय." ते ऐकून तिथली पोरंसुद्धा हसली नाहीत, इतकी ती रोजची गोष्ट. आज लिहिताना त्या शेंगांचा वास येतो. पुढे मी त्या वाटेनं कितीदा गेलो, सोमीही भेटली, पण मी खायला तयार झालो त्या साली वालच नीट आला नव्हता.

निघताना बाईंनी बुधाचा डोळा कोमट पाण्यानं धुतला आणि मुरबाडच्या दवाखान्यात न्या म्हणून वाडीतल्या दोघांना बजावलं.

परत

परतीच्या वाटेवर बाई बोलत होत्या. म्हणाल्या, मी निघाले तेव्हा समजत होते की औषध नाही म्हणून ही माणसं अशी आहेत. औषध पाहिजेच, त्यात वाद नाही. बुधालाही पाहिजे. पण किन्हवलीचा तो माळ्यावरचा माणूस आणि बुधा, आजार दोघांना जवळजवळ सारखाच. एकाला सांभाळून त्याची बायको अर्धी झाली आहे, आणि तो स्वतः उजेड बघून डोळे झाकतो. दुसरा वासरू हाताखाली घेऊन घरी येतो. मी एवढंच लिहिणार आहे, की एका घराला हे ओझं उचलत नाही, आणि लाजेनं घर एकटं पडतं.

पुढे त्यांचं पुस्तक छापून आलं. त्यांनी मास्तरांच्या पत्त्यावर पाठवलं. इंग्रजीत आहे. मास्तरांनी वाचून सांगितलं की त्यात हेच आहे, आणि शिमग्याचा प्रश्नही आहे. पण तो कोणी सांगितला, त्याचं नाव नाही. मला वाईट वाटलं. मग आठवलं, नावं लिहायची नाहीत असंच ठरलं होतं.

तर त्या दिवशी बाई शेवटी म्हणाल्या, धोंडूभाऊ, तुमचा तो प्रश्न नसता तर मी कोरे कागद घेऊन परतले असते. मी म्हटलं, बाई, मी घराच्या उंबऱ्यावरून ओळखतो कोण गिरणीत आहे आणि कोण नाही.

तेव्हा मागून आये बोलली. आवाज चढवला नाही.

"धोंड्या, आपला किसन शिमग्याला येतो का?"

मी मागे बघितलं नाही. मोऱ्याच्या पाठीत चाबूक मारला. त्या बैलाला मी जन्मात मारलं नव्हतं. तो दचकून बाजूला झाला आणि गाडी हिंदकळली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर बाईंनी पेन्सील पिशवीत घातली होती आणि पिशवीचं तोंड बांधत होत्या.

आमच्या गावाची वाट आली. बैल घराकडे वळले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण ते खरं नाही. कासरा मीच ओढला.

अंगणात बायको भात कांडत होती. ती मुसळ धरून उभीच राहिली. मी मागे गेलो आणि पडवीचा आडणा काढला. बाईंना म्हटलं, एक घर राहिलं होतं.

किसन भिंतीला टेकून बसला होता. दाढी छातीपर्यंत. उजेडाला त्यानं हात आडवा धरला. बाई नेहमीसारख्या खाली बसल्या, उंबऱ्यावर. त्यानं त्यांना नीट बघून घेतलं आणि विचारलं, "निशाणी कंची?"

भोंगे भिंतीपलीकडे त्यालाही ऐकू येत होते. बाई हसल्या. म्हणाल्या, मत नको आहे, थोडं विचारायचं आहे.

"इचार."

नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. मध्येच छपराकडे बघून कुणाला तरी थांब म्हणाला, मग पुढे बोलला. जेवण कोण देतं? आये, वैनी. गोड काय आवडतं? खापरोळी. सगळी उत्तरं दिली. मग बाईंनी विचारलं, दिवसातून किती वेळ एकटा असतोस?

किसननं माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला इचार."

बाई माझ्याकडे वळल्या. इतके दिवस हा प्रश्न मी दुसऱ्यांच्या दारात ऐकत होतो. मी म्हटलं, लिहा. सगळा वेळ.

त्यांनी लिहिलं. मग मलाही विचारलं, तुम्हाला झोप लागते का? त्याचं उत्तर मी इथे देणार नाही.

उन्हं कलायच्या आत मी बाईंना शहापुरात पोचवलं. त्यांनी ठाण्याच्या डॉक्टरांना द्यायला चिठ्ठी दिली. ते औषधपाणी पुढे झालं, त्याची हकीकत वेगळी. गाडीतून उतरताना मी त्यांना सांगितलं, उद्यापासून मी स्वतः त्याला रानात नेईन, कुणाची गरज नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटे न्याल तर महिन्याभरात दमाल, आणि दार पुन्हा लागेल. शेजाऱ्यांना विचारा."

विचारा म्हणणं सोपं. माझ्या बापानं कधी शेजारच्या चुलीतला विस्तव मागितला नव्हता, मीही नाही. आणि मागायला जायचं ते त्याच लोकांकडे, ज्यांना पाच वर्षं मी गिरणीच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं सुटायच्या आधी मी आळीत निघालो. पहिलं घर धर्माचं. तो म्हणाला, आमची पोरं लहान हायत, नको रे दादा. दुसरं घर विठूचं. त्यानं विचारलं, मारतो का? मी म्हटलं, मला मारलंय एकदा, खुंट्यानं. त्यानं दोन दिवस विचार करतो म्हटलं. पाय घराकडे वळत होते. पण मी जात्याच हट्टी. तिसऱ्या दारात गेलो. येसूकाकी, विधवा बाई, त्या दिवशी गुरांची पाळी तिची होती. मी अंगणात उभा राहून सांगितलं. ती भाकऱ्या बांधत होती. तिनं वर न बघता विचारलं, "म्हंजे गिरणी सुटली वाटतं."

मी म्हटलं, "सुटली काकी."

तिनं आणखी एक भाकर फडक्यात घातली. म्हणाली, "आन त्याला. पर तू बी चल. मी एकटी न्यायची नाय."

मी घरी आलो. मोऱ्या-चांद्याला दाव्यावरच ठेवलं. किसनचा हात धरून त्याला अंगणात आणला. पाच वर्षांत त्याचे तळवे मऊ पडले होते, खडा रुतला की पाय उचलायचा. मी माझ्या वहाणा काढून त्याच्या पायांत घातल्या, आणि शहापुरात नावाजलेल्या गाडीचा मालक मी, त्या दिवशी अनवाणी येसूकाकीच्या गुरांमागे चालत गेलो. आळीतली माणसं दारांत येऊन बघत होती. मी मान खाली घातली नाही.